निळा ढग, हिरवी टिक आणि माझा रिपोर्ट

सबमिशनच्या आदल्या रात्री एसटीत बसून प्रोजेक्ट रिपोर्टवर शेवटचा हात फिरवायचा, असा माझा साधा प्लॅन होता. फोल्डर उघडलं. फाइल समोर होती. नाव, तारीख, साइज, सगळं बरोबर. क्लिक केलं तर उत्तर आलं, इंटरनेट नाही, फाइल उघडणार नाही. आता घाटात कुठली आलीय रेंज! लॅपटॉपमध्ये फाइल नव्हतीच, नुसती तिच्या नावाची पाटी होती. शेजारचा इवलासा निळा ढग मला तेच सांगत होता. मी त्याला आपलं डेकोरेशन समजत होते.

चूक माझी, मान्य. पण सगळीच माझी नाही. विंडोजवरच्या वनड्राइव्हचंच बघा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर. पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा मोकळी करताना परत ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे कायम इथेच. या दोन टिकांमधला फरक घाईत कुणाला कळणार?

त्यात आणखी एक गंमत. आयकॉनच्या कोपऱ्यात अशी खूण चिकटवायला विंडोज जेमतेम १५ जागा देतं, त्यातल्या काही स्वतःलाच ठेवतं. उरलेल्या नावाच्या क्रमाने मिळतात. म्हणून काही अ‍ॅप्स आपल्या नावाआधी चक्क स्पेस घालतात, हजेरीत पहिला नंबर लागावा म्हणून! जो मागे पडतो त्याची खूण दिसतच नाही. आणि खूण दिसली नाही की आपण समजतो, सगळं ओके आहे.

माझं म्हणणं एवढंच, की फाइल कुठे आहे हे कोड्यात नको, शब्दांत सांगा. ‘इथे नाही, नेट लागेल’ एवढं लिहायला कितीशी जागा लागते? निदान २०१७ पासून वनड्राइव्हच्या फाइल्ससाठी फोल्डरमध्ये स्टेटसचा वेगळा कॉलम तरी आलाय. तो चालू ठेवा. आणि प्रवासाला निघण्याआधी, वायफाय असतानाच, महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. टिक भरीव होईपर्यंत झाकण मिटू नका.

घाटात ढग बघायला छान वाटतात. फाइलच्या शेजारी नाही.