काचेच्या पेटीतील शेजार

आमच्याकडे सभासदांची जी पत्रे येतात, ती बहुधा भातावरील करप्याविषयी, उधाणाने फुटलेल्या बांधाविषयी किंवा शेततळ्यातील मत्स्यबीजाविषयी असतात. गेल्या महिन्यात मात्र बेलापूरच्या एका सभासदांचे निराळेच पत्र हाती आले. मुलांच्या हौसेखातर त्यांनी दोन फूट लांबीची काचेची पेटी घरी आणली, दुकानदाराने निवडून दिलेले चौदा मासे एकाच दिवशी तीत सोडले, आणि पंधरवड्याच्या आत त्यांतील नऊ मेले. उरलेल्या पाचांत एक गोल्डफिश, दोन टायगर बार्ब, शेपटी कुरतडलेला एक एंजल व एक काळा सकर मासा आहे. सभासद विचारतात की, पेटी आता मोडीत काढावयाची आहे. हे पाच जीव गावच्या तलावात सोडून दिले तर त्यात वावगे काय?

काही वाचकांस हा प्रश्न या मासिकाच्या पानांस शोभणारा वाटणार नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता घेण्यात आल्या. बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे या गावांभोवती इमारती उभ्या राहिल्या. ज्याची खाचरे गेली त्याच्या घरी दिवाणखान्यात काचेची पेटी आली, यात नवल नाही. परंतु पेटीतील पाणी अखेर कोठे तरी ओतले जाते आणि पेटीतील मासा नकोसा झाला की कोठे तरी सोडला जातो. ते 'कोठे तरी' म्हणजे आपला तलाव, आपला ओहोळ व आपली खाडी होय. यास्तव हा विषय शेतकऱ्याचाच आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम मासे का मेले ते पाहू. आमच्या मते दोष माशांचा नव्हे, तर निवडीचा व घाईचा आहे. ज्याने शेततळ्यात मिश्र मत्स्यपालन केले आहे, त्यास ही निवड शिकविण्याची गरज पडू नये. आपण कटला, रोहू व मृगळ एकत्र का सोडतो? कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडचा नसतो, आणि तिघांसही एकच पाणी मानवते. त्याच तळ्यात कोणी मरळ सोडू लागला, तर बोटुकलीचे पैसे बुडाले हे आपण न सांगता जाणतो. हाच विवेक दीड मणाच्या आतबाहेर पाणी मावणाऱ्या पेटीस लावावयाचा असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी राहते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीसच उरते. शेततळ्यात दुबळा मासा पळून जाऊ शकतो. येथे पळण्यास जागाच नाही. म्हणून येथे निवड अधिक काटेकोर हवी.

निवडीच्या कसोट्या चार. पहिली तोंडाची. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. एंजल लहान असता निऑन टेट्राच्या सोबतीने गुण्यागोविंदाने फिरतो, आणि मोठा होताच त्यांस एकेक करून गिळतो. यात विलायती-देशी असा भेद नाही. आपल्या विहिरींतून व पाटांतून आढळणारा, माथ्यावर मोत्यासारखा ठिपका असलेला पिकू मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण तोच पिकू गप्पीची पिले सोडीत नाही.

दुसरी कसोटी पाण्याची. गप्पी व मोली यांस थोडे जड, क्षारयुक्त पाणी मानवते. निऑन टेट्रास मृदू पाणी हवे. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, शिवाय खादाड व घाण फार करणारा. त्यास उष्ण प्रदेशातील लहान माशांच्या संगतीत छोट्या पेटीत कोंबणे हे दोन्ही पक्षांवर अन्याय करणारे आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे पाणी मोरबे धरणातून शुद्ध होऊन येते. माणसास ते निर्धोक. परंतु त्यातील क्लोरीन माशाच्या कल्ल्यांस जाळते. पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यात हवा खेळविल्याखेरीज, अथवा क्लोरीन मारणारे औषध घातल्याखेरीज ते पेटीत घालू नये.

तिसरी कसोटी थराची व चौथी स्वभावाची. सर्वच मासे मधल्या थरात फिरणारे घेतले तर पेटी वर-खाली रिकामी व मध्ये गजबजलेली राहते. टायगर बार्ब दिसावयास देखणा. पण दोन-तीनच ठेवले तर तो शेजाऱ्यांचे लांब पर कुरतडीत बसतो. आमच्या सभासदांच्या एंजलची शेपटी अशीच गेली असावी. फायटर जातीचे दोन नर एका पेटीत ठेवणे म्हणजे झुंज लावणे होय. उलट जे मासे थव्याने राहतात, त्यांस एकेकटे ठेवले तर ते भ्याले होऊन कोपऱ्यात दडतात व अन्नास तोंड लावीत नाहीत. अशा जातींचे किमान सहा तरी एकत्र हवेत. तेव्हा दुकानात 'प्रत्येकी दोन-दोन द्या' असे म्हणण्याची जी रीत पडली आहे, तीच मुळात चुकीची आहे.

आमचा सल्ला विचाराल तर दोन फुटी पेटीत तीनच जाती ठेवाव्यात. वरच्या थरास सहा झेब्रा मासे. हा मासा मूळचा आपल्याच देशातील, हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तो वाढविला जातो. मधल्या थरास सिंहलद्वीपातील सहा शांत चेरी बार्ब. तळास बारीक वाळू पसरून कोरिडोरास जातीचे पाच-सहा मासे. पेटीवर झाकण असावे, कारण झेब्रा उडी मारतो. यापुढे कितीही मोह झाला तरी भर घालू नये.

आता घाईविषयी. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो माशास विष आहे. शेतात टाकलेल्या खताच्या नत्राचे रूपांतर करणारे जे सूक्ष्म जीव जमिनीत असतात, त्यांचेच भाऊबंद पेटीच्या वाळूत व गाळणीत वस्ती करून अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट बनवितात. ही वस्ती बसण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. कच्च्या शेणखतावर रोप लावले तर ते जळते हे ज्यास ठाऊक आहे, त्याने नव्या पेटीत पहिल्याच दिवशी चौदा मासे सोडू नयेत. आरंभी थोडे सोडावेत, अन्न चिमूटभर घालावे, दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी कुंडीतील झाडांस उत्तम खत होय.

येथवरचे नुकसान घरातल्या घरात राहते. खरी चिंता सभासदांच्या शेवटच्या वाक्याची आहे. मासे तलावात सोडणे हे पुण्य नव्हे. ते शेजाऱ्याच्या शेतात तणाचे बी फेकण्यासारखे आहे.

याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. तिलापिया मासा १९५२ साली स्वस्त अन्न म्हणून सद्हेतूनेच या देशात आणला गेला. तो इतका फोफावला की आज उजनीच्या जलाशयात त्याचे 'चिलापी' हे नाव पोरासोरांच्याही तोंडी आहे, आणि जेथे तो माजतो तेथे देशी माशांस अन्न व अंडी घालण्याची जागा अपुरी पडते. आफ्रिकेतील मांगूर, ज्यास बाजारात थाय मांगूर म्हणतात, त्याच्या पालनास केंद्र सरकारने २००० साली बंदी केली. तरी चोरून केलेली त्याची तळी आपल्या राज्यात शासनास वेळोवेळी नष्ट करावी लागली आहेत. आणि ज्यास दुकानदार 'काच साफ करणारा' म्हणून विकतो, तो दक्षिण अमेरिकेतील सकर मासा फुटाहून अधिक वाढतो. त्याच्या अंगावरील कठीण कवचाने व काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि अंडी घालण्याकरिता तो काठाच्या मातीत बिळे कोरतो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात व आंध्रातील मत्स्यतळ्यांत हौशी लोकांच्या पेट्यांतून आलेल्या या पाहुण्याने मत्स्यव्यावसायिकांस जेरीस आणले आहे. शेततळ्याचा काठ किंवा तलावाचा बांध पोखरला जाणे म्हणजे काय, हे बांधावर रात्री जागविलेल्या शेतकऱ्यास आम्ही सांगावे असे नाही.

आमच्या ठाणे-रायगडाच्या पट्ट्यात पहिल्या पावसाबरोबर ओहोळ उलटे चढून मासे खाचरांत येतात. त्यास आपण वलगण म्हणतो. अंड्यांनी भरलेल्या माद्या याच वेळी चढतात, आणि पुढील वर्षाचे बी त्यांच्याच पोटात असते. शहर वाढले, ओहोळांचे नाले झाले, खाचरे बुजली. तरी जेथे चार खाचरे व एक ओहोळ उरला आहे, तेथे वलगण अद्याप येते. आज तलावात सोडलेला परका मासा मुसळधार पावसात तलाव भरून वाहू लागला की त्याच ओहोळात उतरतो. एकदा तेथे त्याची वीण झाली की कोणत्याही सरकारास ती वेचून काढता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, पाच माशांनी असे काय होणार? बहुधा काहीच होणार नाही. परंतु प्रत्येक घर असेच म्हणते, आणि तलाव मात्र सर्वांचा एकच असतो.

तेव्हा पत्रलेखक सभासदांस आमची विनंती अशी : पेटी मोडू नये. गोल्डफिश व सकर मासा मोठी पेटी असणाऱ्या हौशी गृहस्थास द्यावा, अथवा दुकानदारास परत करावा. एंजल व बार्ब यांचीही तशीच सोय लावावी. पेटी महिनाभर रिकामी चालवून मग वर सांगितल्याप्रमाणे मोजके मासे आणावेत. मुलांस ही निवड स्वतः करू द्यावी. कोण वर चरतो, कोण तळाशी, कोणाचे तोंड केवढे, हे ज्या मुलाने पेटीपाशी बसून ओळखले, ते उद्या शेततळ्याचा हिशेबही नीट मांडील.

इतर सभासदांनी आपापल्या गावच्या तलावाकाठी, विशेषतः विसर्जनाच्या दिवसांत, 'घरातील मासे येथे सोडू नयेत' अशी साधी पाटी लावावी. खर्च एका फळीचा व थोड्या रंगाचा आहे. ज्या गावी अशी पाटी लागेल, त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.