भेसळ नव्हे, भाजणी!

मी बँकेत कारकून. लोकांच्या हिशेबात पाच रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून तो शोधायचा आणि स्वतःच्या हिशेबात पाचशेंचा आला तर गप्प बसायचे, असा आमचा रिवाज. पण गेल्या दिवाळीतला एक फरक मी आज जाहीर मांडणार आहे. कारण तो माझ्या एकट्याचा नाही, आपल्या साऱ्या मध्यमवर्गाचा आहे.

झाले असे, की साडू यायचे होते. साडू पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. ते वाईन पीत नाहीत, तिचा ‘आस्वाद घेतात’. पेला फिरवतात, त्यात नाक घालतात, डोळे मिटतात आणि मग आपल्याकडे असे बघतात, की वीस वर्षांत आपल्याला बढती का मिळाली नाही याचे उत्तर त्यांना त्या पेल्यातच सापडले असावे. त्यांच्यापुढे नाक खाली नको, म्हणून मी फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स उचलून इटलीची तांबडी वाईन आणली. सौभाग्यवतीला किंमत निम्मी सांगितली. तीसुद्धा तिला दुप्पट वाटली.

घरात आणखी एक बाटली होती. अकलूजकडच्या आमच्या कॅशिअरसाहेबांनी दिलेली, अकलूजचीच. ती मी तांदळाच्या डब्यामागे दडवली होती. बायकोने ती हुडकली, दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरात नेल्या आणि स्टीलचे पेले भरून बाहेर आली. “ओळखा बरं भावजी, इटलीची कुठली?”

साडूंनी पेले फिरवले, हुंगले. “हा डावा! चेरी, चामडं, जुनं लाकूड. उजवा आपल्याकडचा. मिश्रण आहे हो, दुसरं काय!” मीही मान डोलावली. चामडे मलाही लागले.

डावा अकलूजचा निघाला.

साडू म्हणाले, स्टीलने चव बदलते. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. माझी जीभ खरे बोलली होती आणि मी आयुष्यभर तिचे न ऐकता किमतीच्या चिठ्ठीचे ऐकत आलो होतो.

आता माझे म्हणणे ऐका. ‘मिश्रण आहे हो’ हे नाक मुरडून कशासाठी? आपल्या घरात भाजणी होते. तांदूळ, ज्वारी, हरभरा, उडीद, धने. त्या थालीपिठाला कुणी भेसळ म्हणते का? इटलीच्या नावाजलेल्या किआंतीचे तरी काय? इटलीचे पंतप्रधान राहिलेल्या बेत्तिनो रिकासोली यांनी 1872 मध्ये तिचे प्रमाण लिहून ठेवले. सांजोव्हेसे हे मुख्य द्राक्ष, ते नरम करायला कानायोलो, आणि लवकर प्यायची असेल तर मालव्हासिया हे चक्क पांढरे द्राक्ष. भाजणीच की! आणि साडूंनी मिश्रण म्हणून हिणवलेली उजवी बाटली किआंतीचीच होती.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. आयात वाईनवर कित्येक वर्षे 150 टक्के सीमाशुल्क होते. म्हणजे शंभराचा माल बंदरातच अडीचशेचा. वरचे दीडशे सरकारच्या खजिन्याची चव. ती चेरीसारखी लागत असेल तर लागो.

आणि इटलीच हवी तर ती माळशिरस तालुक्यात आली आहे! फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांनी मिळून, तोस्कानाच्या पिएरो मासींना वाईन करायला बोलावून, अकलूजच्या माळावर सांजोव्हेसे लावली. तिची काबेर्ने सोव्हिन्योंबरोबर ‘सेत्ते’ करतात. सेत्ते म्हणजे सात. भाऊ सहा आणि मासी सातवे. पण सेत्ते पगाराच्या दिवशीची. कॅशिअरसाहेबांची होती ती काबेर्ने फ्रां आणि शिराझची साधी भाजणी. किंमत माझ्या इटालियन बाटलीच्या निम्म्याहून कमी. शिफारस तिचीच. नगरच्या उन्हाळ्यात मात्र आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा; ‘खोलीच्या तापमानाला प्या’ म्हणणाऱ्यांची खोली युरोपात असते. काळ्या मसाल्याचे मटण जवळ असू द्या, आणि उघडलेली बाटली बूच लावून दोन-तीन दिवसांत संपवा.

आमच्या जिल्ह्यात हे लिहिताना हात जरा कापतो. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकायचा निर्णय सरकारने जानेवारी 2022 मध्ये घेतला, तेव्हा राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे मीही म्हणणार नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेली ती दारूच. न पिणाऱ्याने माझ्या लेखामुळे सुरुवात करू नये. पण जो पितोच, त्याने निदान स्वतःच्या जिभेने प्यावी, साडूच्या नाकाने नव्हे.

परवा साडूंचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, ती ‘डावी’ कुठं मिळते हो? आणि केवढ्याला?”

मी किंमत दुप्पट सांगितली. नाहीतर त्यांना चव लागली नसती.