बालपणीचे आघात आणि प्रौढ रुग्ण

बालपणीच्या आघाताचे प्रौढपणीच्या आजारांशी असलेले नाते ठळकपणे पुढे आले ते एका लठ्ठपणाच्या दवाखान्यातून. 1985 च्या सुमारास अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी कैसर पर्मनेन्टे या संस्थेत वजन घटवण्याचे उपचार करत. ज्यांचे वजन भराभर उतरत होते, नेमके त्यांतलेच कित्येक जण मध्येच येईनासे होत. विचारपूस केल्यावर अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. काहींना सुटलेल्या शरीराचाच आडोसा वाटत होता. जाड बाईकडे कुणी वळून बघत नाही, हा त्यांचा हिशेब. डॉक्टरांच्या लेखी जो आजार होता, तो रुग्णाने स्वतःपुरता काढलेला तोडगा होता.

पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या साथीने 1995 ते 1997 या काळात 17,000 हून अधिक प्रौढांची पाहणी झाली. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन अशा अनुभवांचे किती प्रकार वाट्याला आले, हे त्यांना विचारण्यात आले. 1998 मध्ये पहिले निष्कर्ष आले. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही प्रकार न सोसलेल्यांच्या 4 ते 12 पट आढळला. हृदयविकाराचे प्रमाणही प्रकारांच्या संख्येबरोबर चढत गेले. ही माणसे बहुतेक गोरी, शिकलेली आणि विमा असलेली होती, त्यामुळे सगळे खापर गरिबीवर फोडण्याची सोय उरली नाही.

मूल घाबरले की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि कुणी मोठ्याने जवळ घेतले की ते उतरते. भीती रोजचीच झाली आणि जवळ घेणारे माणूसच मारणारे असले, तर ही यंत्रणा बिघडते. मेंदूतला धोका हुंगणारा भाग, अमिग्डाला, अतिजागरूक होतो. त्याला आवर घालणारा पुढचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. असे मूल मोठे होऊन साध्या चढ्या आवाजाने भडकते किंवा उलट गोठून जाते. तंबाखू आणि दारू त्याला तात्पुरती शांतता देतात, म्हणून ‘सोडा’ एवढे सांगून सुटत नाहीत. आबाळीचे परिणाम थोडे निराळे असतात. रुमानियातील अनाथालयांतून दोन वर्षांच्या आत पालक कुटुंबात गेलेली मुले, उशिरा गेलेल्यांपेक्षा बौद्धिक वाढीत बरीच सावरली.

या संशोधनातून निघालेला गुणांक, म्हणजे सोसलेल्या प्रकारांची संख्या, मात्र भलत्या कामाला जुंपला गेला. समूहाचा धोका मोजणारा हा आकडा समोरच्या एका माणसाचे भविष्य सांगत नाही. खुद्द अँडा यांनी 2020 मध्ये तसा इशारा दिला. घटना किती तीव्र, किती काळ चाललेली, पाठीशी कोण होते, यातले काहीच त्यात येत नाही. केस पेपरवर ‘सहा गुण’ लिहून रुग्णाच्या हाती काही लागत नाही, शिक्का मात्र बसतो.

जुनी डोकेदुखी, अॅसिडिटी, उडालेली झोप आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, अशा रुग्णाला बालपणाबद्दल विचारायला हवे. पण सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला बाहेर बसवून. पडद्याआडची तपासणी म्हणजे एकांत नव्हे, पलीकडच्या बाकावर सगळे ऐकू जाते. ‘लहानपणी घरी भीती वाटायची का?’ एवढा प्रश्न पुरतो. तपशील उकरू नयेत. ते काम आघातकेंद्री मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्याचे. जवळपास तशी सोय नसेल तेथे टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यावा. बोलण्याच्या ओघात आज एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेची ही मर्यादा रुग्णाला प्रश्न विचारण्याआधीच सांगितलेली बरी.