डोंगरमाथ्यावरील ठेंगणी नीलगिरी

नीलगिरी म्हटली कीं, शेतकऱ्यास बांधावरील उंच झाड आठवतें. परंतु त्याच कुळांतील युकॅलिप्टस इम्लेएन्सिस ही ठेंगणी जात ऑस्ट्रेलियांतील न्यू साऊथ वेल्स राज्यांत, ८८६ मीटर उंचीच्या इम्ले डोंगराच्या माथ्यानजीक तेवढी आढळते. अन्यत्र कोठेंही नाहीं. तिला शास्त्रीय नांव १९८० सालीं मिळालें. झुडपें मोजकींच. त्या डोंगरावर फायटॉफ्थोरा हा मुळें कुजविणारा रोग शिरला आहे; तो ओल्या मातीबरोबर, वाटसरूच्या जोड्यांबरोबरही पसरतो. त्याच्याच जातभाईंमुळें आपल्या संत्र्यांस डिंक्या लागतो. म्हणून आमचें मत असें कीं, रान राखणें व बाग राखणें हें काम एकच आहे. रोगट बागेंतून निघतांना जोडे, कुदळ व फाळ धुवावे. जात नष्ट झाल्यावर दप्तरांत नोंद उरते, झाड उरत नाहीं.