स्पॅमचं कुंपण काढू नका, पत्ता वाचायला शिका



आज हवामान नाही, फवारणीचा सल्लाही नाही. आज मेलबद्दल थोडं स्पष्ट बोलायचंय.

ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्या एका सभासदाचा देठ परीक्षणाचा अहवाल प्रयोगशाळेने मेलवर पाठवला. तो स्पॅममध्ये जाऊन पडला. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली, खताचा डोस लांबला. मग ओळखीच्या एका पोराने कॉम्प्युटरवर फिल्टर लावून दिला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात नुसतं @ टाकलं आणि "स्पॅममध्ये कधीच पाठवू नका" यावर टिक केली. झालं, आता सगळेच मेल इनबॉक्समध्ये! हे पाहून आणखी काही जणांनी तसंच करून घेतलंय.

*माझं मत साफ आहे. ही सोय नाही, शेताचं कुंपणच काढून टाकलंय.*

फिल्टर नेमकं काय बघतो? बियाण्याची पिशवी डोळ्यापुढे आणा. पिशवीवर चित्र कोणीही छापू शकतो. आपण प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आणि सील बघतो. मेलचंही तसंच आहे. वर दिसणारं नाव म्हणजे चित्र, ते कोणीही काहीही लिहू शकतो. @ च्या पुढचा भाग म्हणजे डोमेन. फिल्टर त्या डोमेनचा टॅग तपासतो:

▪️ एसपीएफ: या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा, याची मालकाने लावलेली यादी.
▪️ डीकेआयएम: मेलवरचं सील. वाटेत मजकूर बदलला तर ते जुळत नाही.
▪️ डीमार्क: वरचं जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ही मालकाची सूचना.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय. छोट्या प्रयोगशाळा, छोटे व्यापारी यांनी ही सेटिंग केलेली नसते, म्हणून त्यांचे खरे मेलही अडकतात. म्हणजे दुरुस्ती त्यांच्याकडे हवी. त्यांना फोन करून तसं सांगा, संकोच करू नका.

पण एक गोष्ट फिल्टरलाही जमत नाही. ठगाने मिळतंजुळतं नवं डोमेन विकत घेतलं आणि त्यावर तिन्ही सेटिंग नीट केली, तर त्याचा टॅगही खराच निघतो! इंग्रजी "एम"च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी शेजारी लिहिले तर मोबाईलवर फरक कळतो का? आणि मग मेल येतो: "आमचं बँक खातं बदललंय, ॲडव्हान्स या खात्यावर टाका." हंगामाचा पैसा एका मेलवर जाऊ शकतो. म्हणून शेवटची तपासणी आपलीच.

*एवढं करा:*

१. नुसत्या @ चा किंवा पूर्ण जीमेल डॉट कॉमचा फिल्टर लावला असेल तर आजच काढा. जमत नसेल तर ऑफिसला या, आम्ही काढून देऊ.
२. हवा तो मेल स्पॅममध्ये सापडला तर उघडून "स्पॅम नाही" दाबा. फिल्टर लावायचाच तर एका पूर्ण पत्त्यासाठी लावा.
३. आठवड्यातून एकदा स्पॅम बघा. ३० दिवसांनी जीमेल तिथले मेल आपोआप पुसून टाकतं.
४. पाठवणाऱ्याच्या नावाखाली टॅप करून पूर्ण पत्ता उघडा आणि डोमेन शेवटाकडून वाचा. सरकारी असेल तर शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतं. मध्येच "जीओव्ही" आणि शेवटी डॉट कॉम, तर तो सरकारी नाही.
५. खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडच्या *जुन्या* नंबरवर फोन करा. मेलमधल्या नंबरवर नको.
६. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. लाजून गप्प बसू नका, उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

आता घरचा आहेर. आपली कंपनी अजून फुकटच्या मेलवरूनच बिलं पाठवते. आपल्या नावाचा तसाच दुसरा पत्ता कोणीही काढू शकतो, मग खरेदीदाराने ओळखायचं कसं? डोमेनचं वर्षाचं भाडं काही औषधाच्या डब्याहून जास्त नसतं. हंगामाआधी स्वतःचं डोमेन घ्यावं आणि तिन्ही सेटिंग करून घ्यावीत, असं मला वाटतं. हा विषय येत्या सभेत मांडणार आहे. तुमचं मत तिथे जरूर सांगा.

तोपर्यंत पिशवीवरचं चित्र पाहून भुलू नका, टॅग वाचा.