तिथी पाहून पाण्यावर

वार्धक्यात घराबाहेरचे जग एका दिवसात आकसत नाही. एखाद्या पडण्याचे निमित्त होते. मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळते, परंतु मनात बसलेली धास्ती तशी सहजी जात नाही. आधी लांबचे प्रवास थांबतात, मग बाजार, मग देऊळ. दोघांपैकी एकाचे पाऊल अडले की दुसऱ्याचेही अडते, आणि न चालल्याने पायातील उरलेले बळही ओसरू लागते.

लालबागच्या एका चाळीत राहणारे माझ्या परिचयातील दांपत्य असेच अडले होते. आजींचे वय ७४, आजोबांचे ७८. बसमधून उतरताना आजींचा तोल गेला आणि मनगट मोडले. हात बरा होऊन आठ महिने लोटले, तरी त्या जिना उतरेनात. त्यांना एकटे सोडून कसे जावे, म्हणून आजोबाही घरीच. आजींच्या मनात मात्र एक इच्छा होती. लहानपणी कोकणातून बोटीने येऊन त्या भाऊच्या धक्क्यावर उतरल्या होत्या. तेथून एकदा पुन्हा पाण्यावर जावे. मुलाला हा हट्ट अविचारी वाटला. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र नकार दिला नाही. 'जा, पण पायरीपायरीने जा,' एवढेच ते म्हणाले. आज त्या पायऱ्यांविषयीच लिहावयाचे आहे.

पहिली पायरी घरातलीच. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, सकाळ-संध्याकाळ, जमेल तितके. समोर भिंत किंवा जड टेबल असावे आणि जवळ कोणीतरी उभे असावे. पंधरा दिवसांनी जिना. येथे एक नियम पाठ करून ठेवावा : चढताना बळकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सोबत करणाऱ्याने चढताना एक पायरी मागे व उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला असावे.

दुसरी पायरी घराजवळच्या सहलींची. लालबाग-परळकरांना भायखळ्याची राणीची बाग जवळ आहे. तेथे जुन्या वृक्षांची सावली आणि बसावयास बाके आहेत. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बुधवारी मात्र दोन्ही ठिकाणे बंद असतात. दादरकरांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे, गिरगावकरांना चौपाटी आहे. आमचे दांपत्य पहिल्या दिवशी राणीच्या बागेत अर्धा तास बसले आणि परतले. पुढच्या खेपेस थोडे चालले. तिसऱ्या खेपेस ते धक्क्यावर गेले, पण बोटीत चढले नाहीत. केवळ लोक कसे चढतात-उतरतात ते पाहून आले. भीती घालविण्यासाठी ही निरीक्षणाची सहल फार उपयोगी पडली.

आता पाण्याविषयी. लाँचच्या प्रवासात ज्येष्ठांना खरा धोका समुद्रापेक्षा धक्क्याच्या पायऱ्यांचा असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरांच्या आसपास जातो. म्हणजे चाळीचा एक मजलाच म्हणा. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि बोट पार खाली असते. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाचे दिवस येतात. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. भरतीच्या वेळेचा आपल्या वाडवडिलांचा आडाखा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. दशमी असेल, तर दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी व संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती. हा अंदाज ढोबळ असल्याने वर्तमानपत्रातील वेळेशी तो पडताळून घ्यावा. दांपत्याने हिवाळ्यातील एक दशमी निवडली. आठच्या सुमारास निघायचे आणि दुपारचा वारा वाढण्याआधी परतायचे, असा बेत ठरला.

चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवर किंवा सोबत्याकडे असावे. चपला नकोत, टाचेला पट्टा व तळाला रबर असलेले पादत्राण घालावे. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती पायरीच्या बरोबरीला आली की खलाशी हात देतो, त्याच क्षणी पाऊल टाकावे. गर्दी ओसरेपर्यंत थांबावे आणि 'जरा सावकाश' म्हणण्यास संकोचू नये. बसल्यावर प्रथम जीवरक्षक जाकीट घालून त्याचे पट्टे बांधावेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीला झालेला भीषण अपघात आपण विसरलेलो नाही. जाकीट मिळत नसेल, तर त्या बोटीत चढू नये.

'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. निघण्यापूर्वी हलके खावे, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. मळमळीवरील अनेक गोळ्यांनी झोप येते व तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवीही अडू शकते. म्हणून त्या परस्पर घेऊ नयेत. लघवीची भीती वाटून पाणी पिणे किंवा लघवीची गोळी परस्पर बंद करणे घातक आहे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जवळ साखर व बिस्किटे ठेवावीत. अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल किंवा भोवळ येत असेल, तर डॉक्टरांच्या संमतीविना निघू नये.

कोठे जावे? भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच साधारण तासाभरात पोहोचवते. मात्र मोठ्या ओहोटीत तिकडील गाळामुळे फेऱ्यांच्या वेळा बदलतात, हे ध्यानात ठेवावे. येथूनच मांडव्याला २०२० पासून रो-रो सेवा आहे. ही बोट मोठी असल्याने कमी डुलते आणि वाहनही सोबत नेता येते. बसण्याच्या जागेपर्यंत जिना किती चढावा लागतो, हे तिकीट काढतानाच विचारावे. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्यांनी लेण्यांपर्यंतच्या सुमारे १२० पायऱ्यांचा विचार आधी करावा. लेणी सोमवारी बंद असतात.

आजी-आजोबा मोऱ्याला गेले, धक्क्याजवळ चहा घेतला आणि पुढच्या लाँचने परतले. एवढीच ती सहल. परतताना उतरायच्या वेळी मुलाने सवयीने आईचा दंड घट्ट पकडला. 'धरू नकोस रे, नुसता जवळ उभा राहा,' त्या म्हणाल्या, आणि खलाशाच्या हाताच्या आधाराने स्वतःच उतरल्या.

सेवा करणाऱ्या मुलासुनांनो, आई-वडिलांना पडू न देणे हे तुमचे कर्तव्य खरेच. परंतु त्यासाठी त्यांना घरातच बसवून ठेवले, तर पायांतील बळ जाऊन पडण्याची शक्यता वाढते. आणि ज्येष्ठ वाचकहो, लगेच समुद्रावर निघण्याची घाई नको. आज खुर्चीतून उठण्याचा सराव सुरू करा. दिनदर्शिकेत पुढची दशमी पाहा आणि त्या दिवशी दोघे मिळून घराबाहेर पडा, मग ते कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत का असेना.