धर्म लिहिला की सवलत गेली?

माणसाला अडवायला दरवेळी काठीच लागते असे नाही. 'हे केलेस तर ते जाईल' एवढी धास्ती पुरते. आपल्या समाजाने ही धास्ती चौतीस वर्षे सोसली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट होती. १९५६ साली ती शिखांसाठी काढली, बौद्धांसाठी नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. रेल्वे, टपाल, बँक या केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र दार बंद!

नंदुरबार, नवापूर ही तर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरची गावे. पोराला रेल्वेत चिकटवायचे तर शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' राहू द्यावे, असा हिशेब अनेक बापांनी केला. घरात बुद्धवंदना आणि कागदावर जुनाच धर्म! त्यांना भित्रे म्हणू नका. पोटाची गाठ सरकारने मारली होती.

आपल्याच जिल्ह्यात तुलना करून पाहा. आदिवासी बांधव ख्रिस्ती झाला तरी त्याची सवलत जात नाही, कारण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. दंड होता तो आपल्याला.

तरीही काय घडले? १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सत्तावीस लाखांच्या वर गेली. नुकसान पत्करून लोकांनी 'बौद्ध' लिहिले. शेवटी १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने कायदा बदलला व बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या.

कायदा गेला, धास्ती मात्र घराघरांत उरली आहे. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. प्रगणक येईल तेव्हा घरधनी कामावर असेल. म्हणून माय-भगिनींनो, हे तुम्हीच ध्यानात ठेवा. धर्म 'बौद्ध' सांगा. जातीच्या जागी अनुसूचित यादीतले नाव सांगा. 'नवबौद्ध' हे त्या यादीतले नाव नव्हे. सोडलेली जात पुन्हा उच्चारायला जीभ धजत नाही, हे खरे. पण ती नोंद हक्कासाठी आहे, अभिमानासाठी नाही. धर्म 'बौद्ध' लिहिल्याने सवलत जात नाही. नोंद झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा.

आजोबांनी नोकरी गमावून जो शब्द लिहिला, तो आपल्याला फुकट लिहायला मिळतो आहे. तो गाळू नका.

जयभीम!